त्याच्या हातचं माहेर

माझ्या दोस्ताच्या खिशात रुमाल कधी सापडला नाही. सापडायची ती सोड्याच्या बाटल्यांची बुचं, आइस्क्रीमच्या काड्या, फुटक्या बांगड्यांचे तुकडे, चिंचोके, आणि एकदा तर कुणाच्या तरी शेळीच्या गळ्यातलं घुंगरू. त्याची आई धुणं काढताना हा सगळा माल एका ताटलीत ओतून ठेवायची आणि मी घरी गेलो की ती ताटली माझ्यापुढं सरकवायची. "घ्या सर, फराळ करा," म्हणायची.

आम्ही दोघं पालमच्या एका शाळेत होतो. मी मराठी शिकवतो, तो ऑफिसात क्लार्क होता. शाळेच्या फाटकाच्या आत तो मला 'सर' म्हणायचा आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की 'अरे'. हे त्यानंच ठरवलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

छत्तिसाव्या वर्षी तो गेला. किडन्या निकामी झाल्या होत्या. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. अजूनही बाजारात कुणीतरी थांबवून विचारतं, तुमच्या शाळेत ते रुखवतवाले क्लार्क होते ते गेले म्हणं? मी हो म्हणतो आणि तिथंच उभं राहून त्याची एखादी गोष्ट सांगतो. गोष्टी सांगायची मला खोड आहे. त्या खोडीनं एकदा काय करून ठेवलं, ते पुढं सांगणारच आहे.

तर रुखवत. आमच्याकडं रुखवत हा बायकांचा प्रांत. नवरीच्या मैत्रिणी, मावश्या, काकवा महिनाभर खपून करायच्या. आता तेही राहिलं नाही. तयार रुखवत भाड्यानं मिळतं. थर्माकोलची विहीर, थर्माकोलची बैलगाडी, चमकीची सप्तपदी. लग्न लागलं की सगळं टेम्पोत घालून पुढच्या मांडवात. माझा दोस्त शांत स्वभावाचा, पण ह्या एका गोष्टीवर चिडायचा. "ज्या पोरीच्या बापाला वावर न्हाई तिच्या रुखवतात बैलगाडी कशाला? ती सासरी जाऊन काय सांगल, कुणाची गाडी हाय म्हणून?"

तो करायचा ते माहेर. नवरीचं खरंखुरं घर, जेवायच्या पाटावर मावेल एवढं. पहिलं त्यानं धाकट्या बहिणीसाठी केलं. वडील गेलेले, मांडवात मांडायला काही नव्हतं. तेव्हा त्यानं कडब्याची चिपाडं आणि अंगणातली माती घेऊन आपलंच घर पाटावर उभं केलं. दार, उंबरा, न्हाणी, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगडसुद्धा. बहीण ते मांडीवर घेऊन सासरी गेली. मग दुसऱ्या मुलीच्या आईनं विचारलं, तिसरीच्या बापानं विचारलं, आणि हे काम त्याच्या मागं लागलं ते लागलंच. गरिबाघरची पोर असली की तो नाही म्हणायचा नाही. मोबदला म्हणून त्या घरचं लोणचं घ्यायचा. ऑफिसातल्या कपाटात एका कप्प्यात दाखले आणि दोन कप्प्यांत बरण्या असायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा ते कपाट उघडलं. बरण्या मोजल्या आणि कपाट लावून घेतलं. जेवायच्या वेळी मात्र त्यातलं लिंबाचं कोणतं ते विचारून घेतलं.

त्याची कामाची पद्धत ठरलेली. आधी मुलीच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि तासभर नुसतं बसायचं. फोटो काढायचा नाही. मी एकदा मोबाइल पुढं केला तर म्हणाला, फोटोत सगळ्या भिंती सारख्याच दिसत्यात. मग मुलीला तो एकच प्रश्न विचारायचा. "ताई, तू घरात बसतीस कुठं?"

हा प्रश्न पहिल्यांदा कुणालाच कळायचा नाही. आया मधेच उत्तर द्यायच्या, ती कशाला बसते, दिवसभर कामात असते. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा मुलीकडं बघत थांबायचा. मग मुलगी सांगायची. एक दारामागच्या ट्रंकेवर बसायची. एक चुलीपाशी, पण आईकडं पाठ करून. एक माडीच्या चौथ्या पायरीवर, कारण मोबाइलला रेंज तिथंच. त्या त्या जागी तो काहीतरी ठेवायचा. ट्रंकेवर बोटाच्या पेराएवढी उशी, पायरीवर चिंचोक्याच्या कपचीचा मोबाइल. माणसं मात्र कधी ठेवायची नाहीत. ह्यामागं काही खोल विचार असणार असं मला वाटायचं, वर्गात पोरांना मी तसं समजावूनही सांगितलं होतं. शेवटी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "माणसं ठिवली की भांडणं. आत्या म्हणती, मला का न्हाई बसवलं."

आणि लग्नात तो रडायचा. पाठवणीला मुलीची आई रडायच्या आधी हा रडायचा. मांडवाच्या मागं जनरेटरपाशी जाऊन उभा राहायचा, कारण तिथल्या आवाजात कुणाला कळत नाही असा त्याचा समज होता. सगळ्यांना कळायचं. आचारी आपणहून पाण्याचा तांब्या नेऊन द्यायचे. मी चिडवायचो, ती तुझी कोण लागती म्हणून. एकदा त्यानं खरं उत्तर दिलं. म्हणाला, "कुणी न्हाई. पण तिची ट्रंक कुठं हाय ते मला म्हाईत झालं ना. आता त्या ट्रंकेवर कुणी बसणार न्हाई."

एकदा मात्र मोठी पंचाईत झाली. मुलगी पोखर्णीकडची, परभणीला कॉलेजात जाणारी. तू घरात बसतीस कुठं म्हटल्यावर ती म्हणाली, घरात नाही, मी फाट्यावरच्या बसथांब्यात बसते. पाच वर्षं रोज एसटीची वाट बघत तिनं तिथंच अभ्यास केला होता. झालं. ह्यानं घर सोडून बसथांबाच केला. सिमेंटचा बाक, पिचकाऱ्यांनी रंगलेला कोपरा, भिंतीवर खताची जाहिरात आणि बाकावर एक वही. लग्नाच्या दिवशी रुखवतावरचं कापड काढलं आणि नवऱ्याकडच्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. पोरीच्या रुखवतात बसथांबा कशाला? तिथं कोण भेटत होतं? कुजबूज नवरदेवाच्या बापापर्यंत गेली. मुलीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. माझा दोस्त एकेकाला हाताला धरून समजावत सुटला की बघा, बाकावर वही एकच ठेवली आहे, दोन नाहीत. त्यानं संशय आणखी वाढला.

शेवटी नवरदेवाचे एक काका पुढं आले. ते एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी वाकून थांबा नीट बघितला, मग नवरीकडं बघितलं. "तरी म्हणलं पोर कुठंतरी बघितली हाय. हा थांबा माझ्याच रूटवरचा. ही वही मिटायची आन् हात करायची. परीक्षेच्या दिवसांत मी गाडी उलिशीक जास्त थांबवायचो हिच्यासाठी." सगळा मांडव हसला आणि लग्न वेळेवर लागलं. जनरेटरपाशी त्या दिवशी दोघं उभे होते, माझा दोस्त आणि मुलीचा बाप.

ह्या गोष्टी मी किती वेळा सांगितल्या असतील त्याला हिशेब नाही. स्टाफरूममध्ये, सहलीत, लोकांच्या लग्नांत. जनरेटरपाशी उभं राहून नाक ओढायची त्याची नक्कल तर मी अशी करायचो की लोक पुन्हा पुन्हा करायला लावायचे. तो समोर असला तरी हसायचा. त्यामुळं त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

तो एकोणतीस वर्षांचा असताना सेलूचं एक स्थळ आलं. मुलगी अंगणवाडीत शिकवायची. तो, त्याची आई आणि मेहुणा जाऊन मुलगी बघून आले. मला पेपर तपासायचे होते, मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यानं मला फाटकाबाहेर नेलं. दोघांना पंधरा मिनिटं गच्चीवर बोलायला दिलं होतं म्हणाला. तिनं त्याला विचारलं होतं, तुम्ही ती घरं करता तेव्हा आधी काय करता, भिंत का छप्पर? आजवर हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

"मग काय सांगितलंस?"

"उंबरा म्हणलो." मग बराच वेळ पायानं खडा सरकवत राहिला आणि म्हणाला, "हो म्हणले तर लय बरं हुईल रे."

स्वतःसाठी काही हवं आहे असं त्याच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

आठवड्याभरानं मुलीचे मामा चौकशीला आले. चौकशीला आमच्याकडं सांगून येत नाहीत. आधी बसस्टँडवर चहा, मग पानटपरी, मग शेजारपाजार, आणि शेवटी जिथं नोकरी तिथं. माझा तास मोकळा होता, म्हणून शिपायानं त्यांना माझ्याकडं आणून बसवलं. मोजकं बोलणारे गृहस्थ होते. व्यसन आहे का? नाही. तापट आहे का? मुळीच नाही. मग ते म्हणाले, तसा माणूस कसा आहे?

एवढं विचारल्यावर मला कोण आवरणार? मी ताटलीपासून सुरुवात केली. बरण्या झाल्या, साहेबांचं लिंबाचं लोणचं झालं, बसथांबा झाला. जनरेटरची नक्कल तर मी उभं राहून केली. पोरीची आई एक वेळ रडणार नाही पण हा रडणार, असं म्हणालो. मामा हसले. बाकीचे शिक्षक हसले. मी दोनदा चहा मागवला. संध्याकाळी त्याला गाठून सांगितलं, काम फत्ते, मामा खूश होऊन गेले. तो बरं म्हणाला.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आमच्याकडं नकार असाच येतो. पत्रिका तर मुलगी बघायच्या आधीच जुळली होती. त्याच्या आईनं दोन दिवस ताटली काढली नाही. तो स्वतः दुसऱ्या दिवशी वेळेवर ऑफिसात आला आणि दाखले लिहीत बसला.

खरं कारण मला वर्षभरानं कळलं, सेलूच्या एका ओळखीच्या शिक्षकाकडून. मामा घरी जाऊन म्हणाले होते, ज्याच्यावर त्याच्या सोबतचीच माणसं हसतात, त्याच्या घरात पोरगी कशी द्यायची?

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी त्याचं कौतुक करत होतो अशी माझी समजूत होती. मधल्या सुट्टीत तो रोजच्यासारखा डबा उघडून बसला आणि अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवली. सांगितलं तर दोस्ती तुटेल ही भीती, आणि न सांगता त्याची भाकरी खायची ही लाज, ह्यांच्यामध्ये मी सहा वर्षं काढली. दरम्यान त्याला आणखी दोन स्थळं आली. ती त्यानंच नको म्हटली.

तेहतिसाव्या वर्षी त्याचे पाय सुजायला लागले. आईची किडनी घ्यायची तर तिचं वय आणि रक्तदाब आड आले. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस सुरू झालं. मंगळवारी मेहुणा जायचा आणि शनिवारी सकाळची शाळा उरकून मी. तिथं चार तास पडून राहायचं. डाव्या हातात सुया, उजवा मोकळा. ह्या माणसानं मोकळ्या हातानं काम सुरू केलं. छातीवर पुठ्ठा, त्यावर चिपाडं. डावा हात चालत नसल्यानं त्याचा डावा हात मी झालो. मी काडी धरायची, त्यानं कापायची. मला काडी सरळ धरता यायची नाही. "पोरांना व्याकरण असंच वाकडं शिकवायलास का?" असं सगळ्या वॉर्डासमोर ऐकवायचा. तिथल्या एका नर्सचं लग्न ठरलं होतं. शेवटचं माहेर त्यानं तिचं केलं. ती मुलगी लहानपणापासून वसतिगृहात वाढलेली, तेव्हा त्यानं तिची वसतिगृहातली खाट केली. पांघरूण दवाखान्याच्या पट्टीचं होतं.

एका शनिवारी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. आता हृदय दमत चाललंय, घरच्यांना कल्पना देऊन ठेवा म्हणाले. घरच्यांना काय सांगायचं ते मी नंतर बघणार होतो. त्याला मात्र सेलूच्या स्थळाचं ते मला आजच सांगायचं होतं, कारण माझ्याजवळ पुढचे किती शनिवार आहेत ते कुणी सांगू शकत नव्हतं.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. पोखर्णी मागं पडेपर्यंत मी तिकिटाच्या घड्या घालत बसलो. मग मी सगळं सांगितलं. मामा काय विचारत होते, मी काय बोललो, नक्कल कशी केली, मामा घरी जाऊन काय म्हणाले. काही लपवलं नाही. तो खिडकीच्या गजाला डोकं टेकून ऐकत होता.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "मामा तुझ्याकडून निघाले ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणले, तुमी लग्नात रडता म्हणं, खरं हाय का? मी हो म्हणलो. तू काई खोटं सांगितलं न्हवतंस."

तो पुढं म्हणाला, "मी मामांना म्हणलो, आणखी काई विचारायचं असलं तर त्या सरांनाच विचारा, माझे दोस्त हायत ते. तर मामा म्हणले, तसं ते काई बोलले न्हाईत. आमच्या शाळेत क्लार्क हायत, येवढंच म्हणले." मग थोडा दम खाल्ला. "तेवढंच लागलं बघ. रडण्याचं काई न्हाई."

मी आठवून बघितलं. मामांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न तोच केला होता, तुमचा त्यांचा संबंध काय. आणि स्टाफरूममधल्या सगळ्यांदेखत, खुर्चीत जरा सावरून बसत, मी तेच उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत नक्कल मला हजारदा आठवली होती. हे एकदाही आठवलं नव्हतं.

माझं चुकलं, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे," आणि डोळे मिटले. गंगाखेड यायच्या आत त्याला झोप लागली. डोकं घसरत माझ्या खांद्यावर आलं. मी हललो नाही.

गंगाखेडला धोतरातले एक बाबा चढले आणि बाजाराच्या पिशव्या पायात घेऊन आमच्याच बाकावर टेकले. गाडी सुटल्यावर त्यांनी सहज विचारलं, कोण हायत हे तुमचे?

"दोस्त हाय माझा," मी म्हणालो.

आणि मग मी बोलतच सुटलो. ताटली सांगितली, बरण्या सांगितल्या, बसथांबा सांगितला. गोष्टी त्याच, पण नक्कल केली नाही, करताच येत नव्हती, खांद्यावर तो होता. तो मुलींना काय विचारतो ते सांगितलं. जनरेटरपाशी का जाऊन उभा राहतो ते सांगितलं, आणि ट्रंकेबद्दल काय म्हणाला तेही. बाबा मधूनच हसत होते आणि मधूनच उपरण्यानं नाक पुसत होते. ह्याच गोष्टी अशाही सांगता येतात हे मला तेव्हा कळलं, सात वर्षं उशिरा.

पालमच्या अलीकडं त्यांचं गाव आलं. पिशव्या गोळा करून ते उभे राहिले, पण उतरायच्या आधी वाकून त्याच्या झोपलेल्या चेहऱ्याकडं निरखून बघू लागले. त्याचा सुयांचा हात शालीखाली होता. त्यांनी मला त्याचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. बाबांचा चेहरा उजळला. "म्हंजे आपल्यातलेच की," म्हणाले, आणि दांडीला धरून, त्याची झोप मोडू नये म्हणून आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "लगीन झालंय का ह्यांचं? माझ्या भावाची पोर हाय. आमी असाच मानूस बघायलाव."

कंडक्टरनं घंटी दिली.

"न्हाई झालं, बाबा," मी म्हणालो.

"मग उठले की सांगा त्यांला," बाबा म्हणाले आणि सावकाश पायऱ्या उतरले.